घर-संसार : कोळ्याला हवे काचेचे घर

भगिनींनो, या सदरात आजवर मुरांब्याच्या बरणीपासून मांजराच्या टोपलीपर्यंत सर्व काही येऊन गेले. पण शिवऱ्याहून एका भगिनीचे जे पत्र आले आहे, तसा प्रश्न यापूर्वी कोणी विचारला नव्हता. पुणे-सातारा रस्त्याने खेड-शिवापूर ओलांडले की नसरापूरच्या अलीकडे हे गाव लागते. पत्र चार पानी आहे, अक्षर मोत्यासारखे आहे, आणि विषय आहे कोळी. साधासुधा, जळमटातला कोळी नव्हे. बशीएवढा, केसाळ, पाळलेला कोळी!

हकीकत अशी. या बाईंचा मुलगा आणि सून इंग्लंडात असतात. नातू अकरा वर्षांचा. त्याला वाढदिवसाला कुत्रा हवा होता, पण भाड्याच्या घरात कुत्रा चालत नाही. रडारड झाली, मग तडजोड झाली, आणि सुनेने टॅरंटुला कबूल केला. नातवाने फोनवर आजीला तो दाखवलासुद्धा. काळा, आणि गुडघ्यांवर शेंदरी पट्टे. सध्या तो प्लॅस्टिकच्या एका डब्यात आहे आणि त्याचे कायमचे घर बैठकीच्या खोलीत व्हायचे आहे. दिवाळीनंतर बाई सहा महिन्यांसाठी तिकडे जाणार. ‘मुलगा-सून कामावर, नातू शाळेत, म्हणजे दिवसभर घरात मी आणि तो. ताई, माझा जीव धास्तावला आहे, पण नातवाचा विरसही करवत नाही. ते ध्यान घरात ठेवायचंच, तर डोळ्यांना बरं दिसेल आणि कुणाला इजा होणार नाही असं कसं ठेवायचं?’ असा त्यांचा प्रश्न.

एवढ्यावर भागले असते तर बरे. पण फोनवरचे ते दृश्य धाकट्या दिरांच्या नातवानेही पाहिले. दोन दिवसांनी तो गोठ्यामागच्या जुन्या आंब्याच्या ढोलीतून एक मोठा कोळी हॉर्लिक्सच्या बाटलीत घालून घेऊन आला. झाकणाला खिळ्याने भोके पाडलेली. ‘मोठी आजी, मलाही काचेचं घर करून दे’ म्हणून तो मागे लागला आहे.

तेव्हा आधी बाटलीचे पाहू, कारण ते काम आजच्या आज व्हायला हवे.

पत्रात वर्णन आहे की अंग राखी, त्यावर नक्षी, आणि डिवचले की पुढचे पाय उचलतो तेव्हा पायांची खालची बाजू हळदीसारखी पिवळी दिसते. यावरून हा झाडाच्या ढोलीत आणि सालीखाली राहणारा आपल्याकडचाच टॅरंटुला असावा. या प्रजातीला शास्त्रात पोसिलोथेरिया म्हणतात. भारत आणि श्रीलंका हे दोन देश सोडले तर जगाच्या पाठीवर ती कोठेही सापडत नाही. आपल्याकडे आढळणाऱ्या एका जातीचे नाव ‘रिगॅलिस’, म्हणजे राजेशाही. पोकॉक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९९ साली ते ठेवले.

याच पोकॉकने त्याच साली या कोळ्याच्या एका भाऊबंदाचेही बारसे केले. आंध्रातल्या गुत्ती येथे रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत तो सापडला होता. रंग म्हणाल तर पैठणीच्या मोरपिसासारखा निळा! त्यानंतर शंभर वर्षे तो कोणाच्या दृष्टीस पडला नाही. २००१ साली नंद्याल आणि गिद्दलूर यांच्या मधल्या जंगलात, गुत्तीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर तो पुन्हा आढळला. वखारीत तो बहुधा लाकडांबरोबर आगगाडीने आला असावा. तिथले त्याचे जंगलही तोडीने विरळ होत चालले आहे. असे असून परदेशच्या बाजारात मात्र हा निळा कोळी हौशी लोकांच्या पेट्यांतून मिरवतो. आता तिकडे त्याची पिलावळ पेट्यांतच वाढवतात, पण मूळची जोडपी आपल्याच जंगलांतून गेली, हे उघड आहे.

म्हणून २०१९ साली ही सगळी पोसिलोथेरिया प्रजाती वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साईट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत गेली. आपल्या वन्यजीव कायद्यात २०२२ साली जी दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्या दुरुस्तीने साईट्सच्या यादीतले प्राणी आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. म्हणजे हौसेखातर जंगलातून नाहीतर बांधावरून असा कोळी उचलून आणणे हा आता नुसता पोरखेळ राहिलेला नाही. मुलाला घाबरवू नका, पण समजावून जरूर सांगा. दहा वर्षांच्या मुलाला ‘हा कोळी आपल्या देशाबाहेर फक्त श्रीलंकेत राहतो’ हे सांगितले, तर ते त्याला कायद्याच्या कलमापेक्षा लवकर पटेल.

आणि दुसरे कारण आहे विषाचे. टॅरंटुला चावून माणूस दगावल्याची खात्रीशीर नोंद नाही. पण आपल्याकडच्या या झाडावरच्या कोळ्यांचा दंश भलताच त्रास देतो. स्नायूंना पेटके येतात, आणि ते कधी कधी कितीतरी दिवस पुन्हा पुन्हा येत राहतात. शिवाय हा प्राणी विजेसारखा पळतो. हॉर्लिक्सच्या बाटलीशी खेळणाऱ्या मुलाच्या हाती तो नको.

आता सोडायचा कसा? संध्याकाळी, उजेड कमी झाला की, घरातल्या एका मोठ्या माणसाने बाटली त्याच आंब्याकडे न्यावी. दुसऱ्या झाडाकडे नको, त्याच झाडाकडे. तोंड ढोलीकडे करून बाटली आडवी टेकवावी, झाकण आधीच सैल केलेले असावे, ते लांब काठीने ढकलून द्यावे आणि पाच पावले मागे व्हावे. बोटे, फुंकर, हलवाहलव काही नको. तो आपला आपण आत जाईल. कधी पावसाळ्याच्या सुमारास असा एखादा कोळी घरातच शिरला, तर तो बहुतेक मादीच्या शोधात निघालेला नर असतो. त्याच्यावर रुंद तोंडाचा पारदर्शक डबा पालथा घालावा, खालून जाड पुठ्ठा सरकवावा आणि बाहेर झाडाशी सोडावा. चप्पल उचलू नये. चुकून चावलाच, तर जागा साबणपाण्याने धुवावी, गार पाण्याची घडी ठेवावी आणि भोरला किंवा नसरापूरला जे जवळ पडेल तिथे डॉक्टरांना दाखवावे. चुना, हळद, मंत्र यांत वेळ घालवू नये.

शहरातल्या भगिनींसाठी एक शब्द. कोणी तुमच्या मुलाला ‘परदेशी कोळी आहे, स्वस्तात देतो’ म्हणून सांगितले, तर आधी कागदपत्रे मागा. २०२१ साली चेन्नईच्या परदेशी टपाल कचेरीत पोलंडहून आलेले एक पार्सल कस्टमवाल्यांनी उघडले. आत कापसात आणि चंदेरी कागदात गुंडाळलेल्या इवल्या कुप्या होत्या, आणि त्यांत १०७ जिवंत कोळी! ते साईट्सच्या यादीतले निघाले आणि पोलंडला परत पाठवले गेले. आपल्याकडे असा यादीतला प्राणी घरी असेल तर त्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते. विकणारा ‘काही लागत नाही हो’ म्हणाला, की समजावे, व्यवहार स्वच्छ नाही. वन विभागाच्या कचेरीत चौकशी करावी, आणि खरे सांगायचे तर हा नाद आपल्याकडे करूच नये.

इंग्लंडातल्या नातवाची गोष्ट वेगळी. तिथे हा प्राणी दुकानात रीतसर मिळतो आणि नेहमीच्या टॅरंटुलासाठी परवाना लागत नाही. शेंदरी गुडघ्यांचा म्हणजे तो मेक्सिकोतला कोळी. तिथूनही पूर्वी इतके कोळी विक्रीसाठी नेले की १९८५ सालीच त्याला साईट्सच्या यादीत घालावे लागले. तेव्हा सुनेने तो पेटीत जन्मलेला, पैदास करणाऱ्याकडचाच घेतला आहे ना, एवढे विचारून घ्या. आणि आणखी एक विचारा, नर की मादी? हसू नका, हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. नर वयात आला की वर्षभराच्या आसपास संपतो. मादी मात्र वीस-पंचवीस वर्षे जगते. म्हणजे तुमचा नातू आज अकराचा. मादी असेल तर तो पस्तिशीला येईल तेव्हा ती पेटीत असेल! मधल्या काळात तो कॉलेजला जाणार, नोकरीला जाणार, कदाचित लग्नही करणार. मग पाणी कोण घालणार? मुलांनी आणलेल्या पोपटाचे आणि माशांचे शेवटी कोण करते, हे या सदराच्या वाचकांना मी सांगायला नको. सुनेशी हे आताच बोलून ठेवा, मात्र सासूच्या सुरात नको, मैत्रिणीच्या सुरात बोला.

आता पेटी.

जमिनीवर राहणाऱ्या कोळ्याला उंची नको, पसरट जागा हवी. ही एक गोष्ट नीट कळली की बाकीचे सोपे. दुकानदार उंच, देखणी काचपेटी पुढे करतो, आपल्यालाही ती शोकेससारखी आवडते. पण हा कोळी काचेवरून चढतो आणि वरून पडतो. त्याचे पोट पाण्याने भरलेल्या फुग्यासारखे नाजूक असते. वीतभर उंचीवरून पडला तरी फुटू शकते, आणि फुटले की संपलेच. म्हणून हिशेब असा ठेवावा की मातीपासून झाकणापर्यंतचे अंतर त्याच्या पसरलेल्या पायांच्या दीडपटीहून जास्त नसावे. पूर्ण वाढलेल्या कोळ्याला दोन वीत लांब, सव्वा वीत रुंद आणि तेवढीच उंच पेटी पुरते, पण ती निम्मी मातीने भरायची. पाहणाऱ्याला वाटेल, एवढी माती कशाला? तर त्याच्या जिवासाठी. पिल्लू असेल तर मोठी पेटी आत्ता नको. लहान डबाच बरा, नाहीतर त्याला खाणे सापडत नाही आणि आपल्याला तो सापडत नाही.

माती कुंडीतली नको. त्यात खत असते, कीटकनाशकही असू शकते. नारळाच्या काथ्याचा भुसा, ज्याला दुकानात कोकोपीट म्हणतात, त्याची वीट मिळते. ती कोमट पाण्यात भिजवली की परातभर फुगते. घट्ट पिळून घ्यावी, थोपलेल्या भाकरीसारखी हाताने दाबून बसवावी, आणि मागच्या बाजूला उंच, पुढे उतरती ठेवावी. असा उतार दिला की समोरून बघणाऱ्याला सगळी पेटी भरलेली आणि खोल दिसते. चित्रकारांची जुनी युक्ती आहे ही. मूठभर भुसा हातात घेऊन दाबला तर गोळा व्हावा, पण पाणी निथळू नये. एवढाच ओलावा, आणि तोही एका कोपऱ्यात. सगळी पेटी चिखलासारखी ओली ठेवली तर बुरशी धरते आणि बारीक किडे होतात.

लपायला जागा लागतेच. हा प्राणी भित्रा आहे, हे आधी मनावर घ्यावे. आपण त्याला घाबरतो त्याच्या शंभरपट तो आपल्याला घाबरतो. अर्धी करवंटी घ्यावी, एका कडेला दोन बोटे येतील एवढे दार कोरावे आणि मागच्या कोपऱ्यात ती मातीत अर्धी रुतवून पालथी घालावी. मातीचे बोळके आडवे रुतवले तरी छान दिसते. बाजारातल्या रंगीत कवट्या आणि किल्ले आणू नयेत. एक तर ते भडक दिसतात, आणि त्यांच्या टोकदार कडांवर पडला तर पुन्हा तेच, पोट फुटायची भीती. त्याच कारणाने अणकुचीदार दगड आणि निवडुंगही नको. मेक्सिकोचा म्हणून निवडुंग लावायचा मोह सगळ्यांना होतो!

शोभेसाठी वाळलेली पाने पुरतात. पिंपळपानासारखी जाड पाने धुऊन, मंद आचेवर कोरडी शेकून घेतली की किडे-अंडी मरतात. ती करवंटीच्या भोवती टाकावीत. दोन-तीन कापडी किंवा प्लॅस्टिकची पाने मागच्या कडेला लावावीत. पेटीच्या पाठीला बाहेरून काळा कागद लावला तर काळा कोळी दिसेनासा होतो. बदामी किंवा फिकट मातकट कागद लावा, शेंदरी गुडघे कसे उठून दिसतात बघा. एकूण नियम, बैठकीतल्या कोनाड्याचाच. चार गोष्टी मांडाव्यात, पाचवी काढून घ्यावी.

पुढच्या कोपऱ्यात पाण्याची उथळ वाटी ठेवावी. पुढे अशासाठी, की पाणी घालताना हात त्याच्या घरापर्यंत जायला नको. चटणीची स्टीलची वाटी चालते, पण मातीच्या रंगाची चिनी मातीची वाटी अधिक शोभते. काही जुन्या पुस्तकांत वाटीत स्पंज ठेवा असे असायचे. ठेवू नये, स्पंज सडतो. रोज पाणी बदलावे, बाकी काही नाही.

झाकणाबद्दल मात्र हयगय नको. झाकण घट्ट बसणारे, कडी असलेले हवे. कोळी दिसतो त्यापेक्षा ताकदवान असतो आणि सैल झाकण उचलतो. पण तारेची जाळी लावू नये. त्याच्या पायांना नखे असतात, ती जाळीत अडकतात, आणि लोंबकळून पाय तुटतो. अॅक्रिलिकचे झाकण घेऊन त्याला बारीक भोके पाडावीत, आणि समोरासमोरच्या दोन बाजूंनाही पाडावीत म्हणजे हवा आरपार खेळते. एका पेटीत एकच कोळी. ‘एकटा कंटाळेल’ म्हणून जोडीदार आणलात तर सकाळी एकच उरेल.

पेटी कुठे ठेवावी? खिडकीत नको. थंड देशात ऊन पाहिले की आपल्याला वाटते, बिचाऱ्याला जरा ऊब लागू दे. पण काचेच्या पेटीत ऊन कोंडले की तासाभरात ती भट्टी होते. भिंतीतल्या तापणाऱ्या नळ्यांवरही नको, आणि वरून दिवा लावून उष्णता तर मुळीच देऊ नये. माणसांना शाल न घेता बसवते, तेवढी ऊब त्याला पुरते. स्वयंपाकघरात फोडणीचा धूर आणि ओटा पुसायची औषधे असतात, म्हणून तिथे नको. दार आपटते त्या भिंतीशी नको, टीव्हीच्या भोंग्याशेजारी नको. त्याला ऐकू येत नाही आपल्यासारखे, पण थरथर केसाकेसाने कळते. बसल्यावर डोळ्यांच्या पातळीला येईल अशा भक्कम, न डगमगणाऱ्या कपाटावर, कोपऱ्यात ठेवावी. म्हणजे पाहुण्यांना दाखवायची तर दाखवता येते, नाहीतर नजर जात नाही.

सर्वांत मोठा धोका कोणापासून, ठाऊक आहे? आपल्यापासून. डासांची वडी, झुरळांचा फवारा, डांबरगोळ्या, कपाट पुसायचा सुगंधी फवारा, कुत्र्या-मांजरांच्या पिसवांचे औषध, यांतले जे झुरळाला मारते ते कोळ्यालाही मारते. त्या खोलीत हे काही नको. धूप-उदबत्ती देवघरापाशीच ठेवावी. घर बदलताना किडे मारण्याचे औषध मारून घ्यायची पद्धत असते, तेव्हा आधी पेटी बाहेर काढावी.

खाण्याचे काम नातवाचे, तुम्ही त्यात पडू नका. आठवड्यातून एकदा दुकानातले एक-दोन नाकतोडे किंवा रातकिडे, एवढेच त्याचे जेवण. बागेतले किडे पकडून घालू नयेत, त्यांच्यावर औषध मारलेले असते. चोवीस तासांत खाल्ले नाही तर जिवंत किडा लांब चिमट्याने बाहेर काढावा. कधी कधी तो महिनोन्‌महिने उपाशी राहतो. आपण आजीच्या मायेने ‘अगं बाई, काही खाल्लं नाही पोराने’ म्हणून कासावीस होऊ नये.

आता ज्या गोष्टीसाठी मला हे पत्र खरोखर महत्त्वाचे वाटले ती सांगते. सहा महिने तुम्ही दिवसा घरात एकट्या. एखाद्या सकाळी तुम्ही पाहाल की कोळी उताणा पडला आहे, पाय आखडलेले, हालचाल नाही. तुम्हाला वाटेल, मेला. नातू शाळेतून यायच्या आत हे टाकून द्यावे, त्याने बघायला नको, असेही मनात येईल. तर थांबा. तो मेलेला नसतो, तो कात टाकत असतो! साप कात टाकतो तसाच कोळीही टाकतो, आणि त्यासाठी तो आधी रेशमाची सतरंजी अंथरतो आणि तिच्यावर उताणा होतो. यात कित्येक तास जातात. त्या वेळी पेटी हलवू नये, काडी लावू नये, झाकणही उघडू नये. मेलेला कोळी सहसा पालथा असतो आणि पाय पोटाखाली मुठीसारखे मिटलेले असतात. उताणा दिसला तर जिवंत समजावे. दुसऱ्या दिवशी पेटीत दोन कोळी दिसतील. घाबरू नका, एक नुसती कात असते, पायांसकट, दातांसकट अख्खी. ती चिमट्याने काढून नातवाला द्यावी, शाळेत न्यायला मिळाली म्हणून तो उड्या मारील. नवी कातडी मऊ असते, म्हणून नंतर आठ-पंधरा दिवस खायला देऊ नये. त्या दिवसांत एक रातकिडासुद्धा त्याला कुरतडून मारू शकतो. कात टाकायच्या आधी तो खाणे सोडतो आणि पोटावरची उघडी जागा काळसर पडते, हे लक्षात ठेवले म्हणजे अवचित धक्का बसत नाही.

यासाठी एक युक्ती. दुधाच्या हिशेबाचे कॅलेंडर आपण भिंतीला लावतो ना, तसे एक पेटीशेजारी लावावे. खाल्ले त्या दिवशी टिंब, नाही खाल्ले तर फुली, कात टाकली की गोल. नातवानेच भरायचे. घरातल्या सर्वांना एका नजरेत कळते, आणि मुलाला नोंद ठेवायची शिस्त लागते.

हाताळणीचे विचारले आहेत, तर नाही. हा पाहायचा प्राणी आहे, कुरवाळायचा नव्हे. या मेक्सिकोच्या कोळ्याचे विष सौम्य, पण तो घाबरला की मागच्या पायांनी पोटावरचे केस उडवतो. ते बारीक काट्यांसारखे असतात, कातडीत रुतले की खाजकुयलीसारखी आग होते. डोळ्यात गेले तर डोळे चोळायचे नाहीत, भरपूर पाण्याने धुवायचे आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचे, कारण ते केस नुसत्या नजरेला दिसत नाहीत. पेटीत हात घालून झाले की साबणाने हात धुणे, आणि पेटीवर वाकून तोंड न आणणे, हे दोन नियम नातवाला घालून द्या. घरात रांगते मूल असते तर मी हा प्राणी नकोच म्हटले असते.

आता शिवऱ्याच्या नातवाचे काय? त्याचा कोळी काढून घेतला, मग त्याला काही द्यायला नको का? त्याला काचेचे घर करून द्याच. त्यापूर्वी एका बाईची गोष्ट सांगा. मारिया सिबिला मेरियन तिचे नाव, १६४७ साली जर्मनीत फ्रँकफुर्टला जन्मलेली. तेराव्या वर्षी ती रेशमाचे किडे पाळून त्यांची चित्रे काढू लागली. घरातच डब्यांतून सुरवंट वाढवायचे, रोज पाहायचे, रोज रंगवायचे. पुढे लग्न झाले, दोन मुली झाल्या, नवऱ्यापासून वेगळी झाली. १६९९ साली, बावन्नाव्या वर्षी, ती धाकट्या मुलीला घेऊन जहाजाने दक्षिण अमेरिकेत सुरिनामला गेली, किडे पाहायला! १७०५ साली तिचे पुस्तक निघाले. त्यात पेरूच्या फांदीवर एक मोठा केसाळ कोळी इवल्याशा पक्ष्याला खाताना दाखवला आहे. पुढे लोकांनी ही बाईची थाप ठरवली. १८६३ साली बेट्स या इंग्रज प्रवाशाने ॲमेझॉनच्या जंगलात आपण असा पक्षी धरलेला कोळी पाहिल्याचे लिहिले, तेव्हा कुठे तिचे म्हणणे खरे मानले गेले. दीडशे वर्षे लागली!

तिचीच रीत आपल्या अंगणात करता येते. परसात कढीलिंब किंवा कागदी लिंबू असेलच. कोवळ्या पानांवर बघा, पाखराची शीट पडल्यासारखा काळा-पांढरा ठिपका दिसेल. तो लिंबाच्या फुलपाखराचा लहान सुरवंट. तो पानासकट उचलून रुंद बरणीत ठेवावा, तोंडाला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा दोऱ्याने बांधावा, आणि रोज ताजी, औषध न मारलेली डहाळी द्यावी. डहाळी पाण्याच्या लहान बाटलीत खोचली आणि तोंडाशी कापूस लावला की पाने टवटवीत राहतात आणि सुरवंट बुडत नाही. खालची लेंडी रोज झटकावी. थोड्याच दिवसांत तो हिरवागार होतो, आणि डिवचला तर डोक्यातून नारिंगी शिंगे काढतो. मुले वेडी होतात ती शिंगे पाहून! एक उभी, खडबडीत काडी ठेवायला विसरू नये, कारण कोष तो तिलाच बांधतो आणि रेशमाच्या एका धाग्याने कमरेला पट्टा बांधून घेतो. साधारण महिनाभरात फुलपाखरू निघते. पंख वाळेपर्यंत हात लावू नये. मग सकाळचे ऊन आले की बरणी अंगणात न्यावी आणि मच्छरदाणीचा तुकडा सोडावा.

राहिला पत्रातला शेवटचा प्रश्न. ‘करवंट्या इथून घेऊन जाऊ का?’ नको. तिकडे आपल्या वाण्याकडे नारळ मिळतो. खोबरे चटणीला घ्यावे, करवंटी आतून चांगली खरवडून, पाच मिनिटे उकळून, दोन दिवस वाळवून मग पेटीत घालावी. खोबऱ्याचा कीस आत राहिला तर आठ दिवसांत बुरशी येते.